शिंगाळ्या खाली राहिला

खाडीकाठच्या मुर्धा गावचा तुळशीराम पाण्याला कधी घाबरला नाही. उधाण असू दे, काळोख असू दे, होडी लोटायची आणि निघायचं. पण त्या दिवशी सकाळी मितेशच्या मारुतीचं मागचं दार उघडून उभा राहिला, तेव्हा भीतीने त्याला चहासुद्धा गेला नव्हता. कारण विचाराल तर कुत्रा. कुत्र्याला गाडीत बसवायचं होतं.

आता कुत्रा म्हणजे काय मोठा जातिवंत नव्हता. आदल्या वर्षी जुलैत ते पाणी आलं ना, सगळी मुंबई बुडाली ते, तेव्हा खाडी तुळशीरामच्या चुलीपर्यंत आली होती. त्या पाण्यात माशांच्या थर्माकोलच्या खोक्याचं एक झाकण तरंगत आलं, आणि झाकणावर हे एवढंसं पिल्लू. ओरडायची पण ताकद नव्हती त्याच्यात. तुळशीरामने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्याला उचललं आणि अंगातल्या गंजीत घातलं. तोंडावर लांब लांब मिश्या होत्या, शिंगाळा मासा असतो ना, तशा. म्हणून नाव पडलं शिंगाळ्या. तेव्हापासून तुळशीराम होडीवर तर शिंगाळ्या होडीवर, तुळशीराम जाळं विणतोय तर शिंगाळ्या जाळ्यावर. तुळशीराम संडासला गेला तरी हा बाहेर बसून रडणार. बंद दार त्याला खपायचंच नाही.

त्याच पाण्यानंतर बायको, मंदा, अडून बसली. चुलीत खाडी आलेल्या घरात आता एक पण पावसाळा काढणार नाही म्हणाली. तर मीरा रोडला नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या माळ्यावर घर घेतलं. मुर्ध्याचं घर भावाकडे गेलं. भाऊ बोलला, कुत्र्याला ठेव इथेच, गावात चार कुत्री आहेत, हे पाचवं. तुळशीरामने त्याच्यासमोरच कुत्र्याला उचलून काखेत घेतलं. भावाने पुढे विषय काढला नाही.

सामान टेम्पोत गेलं. कुत्रा टेम्पोत टाकला तर एखादं कपाट त्याच्यावर कलंडेल, ही तुळशीरामला धास्ती. म्हणून मितेशला सांगितलं. मितेश म्हणजे भाईंदरच्या हार्डवेअरवाल्याचा मुलगा. होडीचा रंग, नायलॉनचा दोर, खिळे, सगळं तुळशीराम वर्षानुवर्षं त्याच्याच दुकानातून नेतो. पोरगं चांगलं, गाडीची हौस, कुणाच्या पण कामाला पळतं.

गाडीत शिंगाळ्या थरथरत होता. असा थरथरत होता की सीट हलत होती. भाईंदर येईपर्यंत लाळेने तुळशीरामची मांडी भिजली. गोल्डन नेस्टच्या नाक्यावर एक बस अंगावरून गेल्यासारखी गेली, तर शिंगाळ्याने अर्ध्या उघड्या काचेतून अर्धं अंग बाहेर काढलं. तुळशीरामने मागचे पाय धरले म्हणून वाचला, नाहीतर चाकाखाली गेला असता. मितेशचं तोंड पांढरं पडलं. त्याने काच वर केली.

“तुळशीभाय, आता उघडू नका हां. माझा तर जीवच गेला.”

पुढच्या सीटवर मंदा मांडीवर देव घेऊन बसली होती, लाल कापडात गुंडाळून. तिने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

“आवं, लेकीला सासरी धाडताना पन येवढं तोंड पाडलं नव्हतं तुमी.”

तुळशीरामने कुत्र्याला आणखी जवळ ओढलं. तिला दिसत नव्हतं, पण कुत्र्याचं काळीज त्याच्या तळहाताखाली धाडधाड उडत होतं.

बिल्डिंगखाली पोचले तर म्हातारी, म्हणजे तुळशीरामची आई कमळाबाई, आधीच टेम्पोतून येऊन उभी. तिने एक हात वर केला, जसा पोलीस करतो तसा. आज वास्तुशांत. पहिला पाय देवाचा, मग कलशाचा, मग माणसाचा. जनावर पूजा झाल्याशिवाय उंबऱ्याच्या आत नाही. हे तिने मुर्ध्यालाच बजावलं होतं, पुन्हा बजावलं. तुळशीरामने विचारलं, जिन्यात बांधू का. तर जिना सोसायटीचा, आणि सोसायटीत कुत्रा चालतो का नाही हे अजून कोणाला विचारलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी भांडण नको.

मग मितेशच म्हणाला, मी बसतो ना गाडीत त्याच्यासोबत. सावली आहे, गाणी लावतो, तुम्ही बिनधास्त पूजा करा.

सावली होती खरी. सकाळची वेळ, बिल्डिंगची सावली अख्ख्या गाडीवर. तुळशीरामने शिंगाळ्याच्या कानामागे खाजवलं, आलोच म्हणाला, आणि जिने चढायला लागला. लिफ्ट अजून चालू झाली नव्हती. प्रत्येक माळ्यावर थांबून तो जाळीतून खाली बघत होता. मितेशचं कोपर खिडकीबाहेर दिसत होतं, तेवढ्यावर जीव धरून वर गेला.

वर देव आणि कलश आत गेले, मग भटजींनी सगळं मांडलं. नऊ ग्रह, सुपाऱ्या, कलश, मधे होमाचं कुंड. तुळशीरामने रेशमी कद नेसला, खांद्यावर उपरणं घेतलं, मंदा शेजारी बसली, आणि कमळाबाईने स्वतःच्या हाताने तिचा पदर आणि त्याचं उपरणं घेऊन गाठ मारली. साधी नाही, होडीची मारतात तशी, ओढली की आवळणारी. आणि कानाजवळ येऊन सांगितलं, पूजा पुरी होईपर्यंत ही सुटता कामा नये. तिच्या जावेच्या घरभरणीत गाठ मधेच सुटली होती म्हणे, आणि त्याच वर्षी दिवाळीआधी तिच्या नवऱ्याची होडी रिकामी परत आली. तुळशीरामने ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. त्या काकाचा चेहरा पण आठवत होता त्याला. खाडीवर पोट असलेल्या माणसाला असल्या गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत, काय समजलात.

पूजा सुरू झाली. आणि खालून भुंकणं सुरू झालं.

पहिलं भुंकणं रागाचं होतं. तुळशीरामला सगळी भुंकणी ओळखू येतात. अनोळखी माणसावर भुंकतो ते वेगळं, मांजरावर वेगळं. हे होतं, मला सोडून कुठे गेलास, वालं. पाहुण्या बायका हसल्या. भटजी मंत्रात थोडे चढ्या आवाजात गेले. तुळशीराम ‘मम’ म्हणायच्या जागी गप्प राहिला आणि गप्प राहायच्या जागी ‘मम’ म्हणाला. मंदाने कोपर मारलं.

मग ते रडणं झालं. लांब, बारीक, थांबत थांबत. मितेश आहे सोबत, तुळशीरामने मनाला सांगितलं. मितेश हात फिरवत असेल पाठीवरून.

मग आवाज बसला. घशातून नुसती खरखर यायला लागली, दोन भुंकण्यांच्या मधे लांब खंड पडायला लागला. तुळशीरामने मान खाली घालूनच भटजींना विचारलं की जरा खाली बघून येऊ का. भटजी चांगले होते, पण त्यांनी मान हलवली. संकल्प सोडलाय, अग्नी पेटलाय, आता यजमानाला उठता येत नाही. मागून कमळाबाईने घसा खाकरला. त्या खाकरण्याला तुळशीराम पन्नाशीला आला तरी वचकून असायचा.

तो बसला. समोर कुंड धडधडत होतं. पंखा बंद, कारण अग्नी. मुख्य दाराला पडदा, कारण धूर जिन्यात नको. घामाच्या धारा पाठीवरून कदात जात होत्या, आणि अचानक त्याच्या डोक्यात आलं, की बाहेर केवढं ऊन झालंय. गॅलरीच्या लाद्या पांढऱ्याफेक दिसत होत्या. मघाशी तिथे सावली होती.

आणि खालचा आवाज बंद झाला.

“निजला बिचारा,” कोणीतरी बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, बरं झालं, मंत्र ऐकू येत नव्हते.

तुळशीरामच्या हातातली समिधा हातातच राहिली. शिंगाळ्या निजत नाही. तुळशीराम दाराआड असताना शिंगाळ्या आजवर कधी निजलेला नाही. संडासाबाहेर नाही निजला, इथे निजेल? भटजी म्हणत होते, टाका, स्वाहा, टाका. त्याने टाकली. मितेश आहे ना, तो स्वतःला सांगत होता, मितेश आहे, मितेश आहे, अगदी मंत्रासारखं.

धूर जरा बाजूला झाला. तुळशीरामने मान वर केली, आणि स्वयंपाकघराच्या दारात, हातात कोकम सरबताचा ग्लास घेऊन, भिंतीला टेकून मितेश उभा होता.

अंगातलं रक्त उतरतं म्हणतात ना, ते तेव्हा त्याला कळलं. होमाच्या समोर बसलेल्या माणसाचे हातपाय गार पडले.  तो मितेशकडे बघत राहिला. मितेशने पण बघितलं, हसला, मग हसता हसता थांबला. त्याचा दुसरा हात खिशावर गेला. खिशातून चावी बाहेर आली.

झालं होतं असं, की आंब्याची पानं राहिली होती. तोरणाला डहाळी हवी, आणि कोणी आणलीच नव्हती. तुळशीराम आत कद नेसत होता, तेव्हाच म्हातारीने गॅलरीतून मितेशला हाक मारून पळवलं. गाडीच्या मागे टेम्पो लागलेला, गाडी निघेना, म्हणून तो रिक्षाने स्टेशनच्या बाजारात गेला. काच दोन बोटं खाली ठेवली, जास्त ठेवली तर कुत्रा उडी मारेल, मघाशी मारत होताच. वॉचमनला सांगितलं, गाडी पे ध्यान रखना. पानं आणून थेट वर दिली, तर बायकांनी त्याला घामाघूम बघून आत पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं. पोरगं बसलं. पूजा म्हणजे पाचच मिनिटं, असं त्याला वाटलं. त्यांच्याकडची पूजा कशी असते देव जाणे.

तुळशीराम उठला. म्हणजे अर्धा उठला, आणि उपरणं ताणलं गेलं. मंदाचा पदर खांद्यावरून ओढला.  भटजींचा हात वरच्या वर राहिला.

“तुळश्या, बस खाली,” कमळाबाई म्हणाली. “गाठ हाय.”

तो तसाच वाकलेला. एक हात गाठीवर. सोडायची तर आईने मारलेली, ओढून आवळलेली, आणि काकाची रिकामी होडी डोळ्यांसमोर. नाही सोडायची तर खाली गाडीत, बंद काचांआड, त्याचं पोर. त्याची बोटं गाठीवर आली, मागे गेली, पुन्हा आली. आयुष्यात एवढा लाचार तो कधी झाला नव्हता.

मंदाने वर बघितलं. नवऱ्याचं तोंड बघितलं. मग दारातला मितेश बघितला, त्याच्या हातातली चावी बघितली, आणि तिला सगळं कळलं. तिने गाठ आपल्या मुठीत घट्ट धरली आणि उठली.

“सोडू नका. मी पन येते. चला.”

नऊवारीतली बाई आणि कदातला बाप्या, चार माळे, अनवाणी, एकमेकांना बांधलेले. एक पुढे गेला की दुसरी ओढली जायची. दुसऱ्या माळ्यावर मंदाचा घोटा मुरगळला, ती हं पण म्हणाली नाही. मागून मितेश, काही ना काही बडबडत, सॉरी तुळशीभाय, सॉरी तुळशीभाय.

खाली गाडी उन्हात उभी होती. सावली केव्हाची सरकून कुंपणापलीकडे गेली होती. वॉचमन लांब झाडाखाली स्टूलवर बसलेला. यांना बघून सलाम करत उठला.

“किसी को हाथ नहीं लगाने दिया, साब.”

घाईत मितेशची चावी भोकात जाईना. तुळशीरामने काचेला तोंड लावलं. काचेवर आतून लाळेचे ओघळ, पंज्यांचे ओरखडे. सीटचा फोम बाहेर आलेला. शिंगाळ्या दिसतच नव्हता.

दार उघडलं तेव्हा भाताच्या टोपावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. कुत्रा खाली होता, दोन सीटच्या मधे, नाक दाराच्या फटीला लावून. तुळशीरामने बाहेर ओढला. जिवंत जनावर उचललं की ते स्वतःला जरासं तरी सांभाळतं. हे ओल्या जाळ्यासारखं हातातून ओघळत होतं. जीभ बाहेर, हिरड्या जांभळ्या, डोळे उघडे पण बघत नव्हते. अंग असं तापलं होतं की छातीशी धरवेना.

वॉचमनचा माठ रिकामा. बिल्डिंगच्या नळाला पाणी संध्याकाळी येणार. रस्त्यापलीकडे रसवंती होती, तिथे बर्फ असणार. तुळशीराम धावला, म्हणजे दोघं धावली. भर रस्त्यात, गळ्यात हार, कपाळाला कुंकू, गाठीने बांधलेले, आणि मधे कुत्रा. एका रिक्षावाल्याने ब्रेक मारून मान बाहेर काढली.

“क्या चाचा, कुत्ते को लेके फेरे?”

मग त्याने तुळशीरामचा चेहरा बघितला आणि रिक्षा आडवी लावून बाकीच्या गाड्या थांबवल्या.

रसवाल्या भैयाने रसाचं मशीन बंद केलं. गिऱ्हाईकं उठवली, बर्फावरचं ओलं गोणपाट काढून लादीवर टाकलं, बादली पुढे केली. तुळशीरामने पाणी ओतलं पोटावर, पायांवर, कानांवर. ओंजळ भरून तोंडाशी नेली, तेवढ्यात मितेश फोन कानाला लावून ओरडला की पाणी तोंडात ओतू नका. जनावरांच्या डॉक्टरला लावला होता त्याने. फुप्फुसात जाईल म्हणतो. अंगावर घाला, वारा घाला, आणि स्वतःहून पितो का बघा. पीत नसेल तर घेऊन या, पण आधी अंग थंड होऊ द्या.

आणि मग करायला काहीच राहिलं नाही. तेच सगळ्यात वाईट. मंदा पदराने वारा घालत होती, पदराबरोबर उपरणं हलत होतं, उपरण्याबरोबर तुळशीराम. शिंगाळ्याची छाती भरभर, वरवर हलायची, आणि मधेच थांबायची. थांबली की तुळशीरामची पण थांबायची.  लोक गोळा झाले होते.

पावलांचा आवाज आला. कमळाबाई. गुडघे धरून चार माळे उतरून, रस्ता ओलांडून आली होती. तुळशीराम मान वर करेना. आता काय बोलेल ते त्याला माहीत होतं. म्हातारीने आधी गाठीकडे बघितलं. होती. मग कुत्र्याकडे बघितलं.  मग बाकड्याला धरून हळूहळू खाली बसली, त्या रसाच्या चिकट लादीवर, नव्या लुगड्यानिशी.

“मीच हाक मारली त्याला,” ती म्हणाली. “पानांसाठी. मनात पन न्हाय आलं, का पोर गाडीत हाय.”

तुळशीरामने आईकडे बघितलं. तिने शिंगाळ्याला पोर म्हटलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. एरवी ते जनावर असायचं, नाहीतर मेला.  त्याने कुत्र्याच्या छातीवर हात ठेवला, तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी मिशी हलली. तुळशीरामला वाटलं वाऱ्याने. मग जीभ आत गेली, बाहेर आली, आणि गोणपाटावरचं पाणी चाटायला लागली. हळू, आंधळ्यासारखी. भैयाने रसाच्या भांड्यात पाणी पुढे केलं. शिंगाळ्याने तोंड उचललं, पडलं, पुन्हा उचललं. प्यायला. थोडंसं प्यायला, आणि सगळं तुळशीरामच्या कदावर ओकला.

मितेश रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागला. मंदानेच शेवटी त्याला दटावलं, की रडतोस काय, डॉक्टरला फोन लाव आणि विचार ओकला ते चांगलं का वाईट. डॉक्टर म्हणाला, उलटी झाली तरी शुद्धीवर आहे ते चांगलं, पण धोका टळला असं संध्याकाळपर्यंत म्हणू नका. वाऱ्याला ठेवा, बंद जागेत नको, आणि चार वाजता आणा मला दाखवायला.

वर अग्नी विझला नव्हता. भटजींनी एक एक समिधा घालून जागता ठेवला होता. तुळशीरामने शिंगाळ्याला उचलून आणलं, उंबऱ्यापाशी आला, आणि थांबला. पूजा अर्धीच होती. आत बसलेल्या बायका कमळाबाईकडे बघायला लागल्या. म्हातारी धापा टाकत मागून आली, त्याला पाठीत हात लावून पुढे ढकललं, आणि टेम्पोतून वर आलेलं आपलं अंथरूण गॅलरीच्या सावलीच्या कोपऱ्यात पसरलं. भटजींनी पळी पुढे केली. आचमन करा म्हणाले, आणि जिथे सुटलं होतं तिथून धरलं.

तुळशीराम बसला तो कुंडाकडे तोंड करून नाही, जरा तिरका, गॅलरीतली ती मिशी दिसेल असा. ती वर-खाली होत होती. मधे थांबली की त्याचा मंत्र थांबायचा.

दुपारचा वारा सुटला. खाडीकडून येतो तो, खारट. मुख्य दार त्या वाऱ्याने आपोआप लोटलं जायला लागलं, देवापुढचं निरांजन फडफडलं, आणि एक पाहुणी बाई दार लावायला उठली. कडी हलल्याचा आवाज झाला, तसा गॅलरीत शिंगाळ्याने पडल्या पडल्या मान ताठ केली आणि कण्हला. तुळशीरामचा हात अक्षतांसकट हवेत थिजला.

“राहू दे उघडं,” तो म्हणाला.

बाई म्हणाली, दिवा जाईल ना.

मंदाने हाताची ओंजळ केली आणि निरांजनाभोवती धरली. दाराला कोणीतरी पाटा आणून लावला. वारा घरभर फिरत राहिला, सुपाऱ्यांवरची फुलं उडाली, भटजींच्या पोथीची पानं उलटी झाली, आणि त्या घराचं दार त्या दिवशी कोणी लावलं नाही.